ढेकळावरचा डोंबारी : चिमणीएवढ्या चंडोलाचं गणगोत माळरानापासून सहारापर्यंत

ज्वारी काढून झालेल्या रानात किंवा मुरमाड माळावर दुपारी बाराच्या उन्हात एक छोटा पक्षी अचानक वर उडतो. पंख फडफडवत तीस-चाळीस हात उंच जातो, मग पंख मिटून दगड टाकावा तसा डोकं खाली करून सुटतो. आता आपटला असं वाटतं, तोच परत वर उसळी. असं चार-पाच वेळा, आणि प्रत्येक बुडीला एक लांबट शीळ. शेवटी एखाद्या ढेकळावर उतरून गप्प बसतो आणि दिसेनासा होतो. या कसरतीमुळेच मराठीत त्याला ‘डोंबारी’ नाव पडलं आहे.

जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत हा पक्षी बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण ‘रानातली चिमणी’ म्हणून सोडून दिलेला असतो. प्रत्यक्षात तो चिमणीच्या कुळातला नाही. तो चंडोलाच्या कुळातला आहे. चोच मात्र चिमणीसारखी जाड आणि आखूड, दाणे फोडायला बरी पडणारी, आणि अंगानेही चिमणीपेक्षा थोडा लहानच. म्हणून पक्षी अभ्यासक या गटाला ‘चिमणी-चंडोल’ म्हणतात. शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स. जर्मन अभ्यासक कौप यांनी 1836 साली हे नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून त्याचा अर्थ साधारण ‘वाळवंटाचे पंख’ असा होतो. या प्रजातीत आज आठ जाती मानल्या जातात. त्यातली एक आपल्या रानात आहे, बाकीच्या राजस्थान, अरबस्तान आणि आफ्रिकेत.

ओळखायचा कसा?

नर ओळखणं सोपं. डोकं राखाडी, गाल पांढुरके, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सगळं काळंभोर. डोळ्यातूनही काळा पट्टा जातो. बहुतेक पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. इथे उलटं आहे. उडताना खालून पाहिलं की काळा ठिपका आकाशात तरंगतोय असं दिसतं.

मादी ओळखताना मात्र भलेभले चुकतात. ती मातकट तपकिरी, घरच्या चिमणीच्या मादीसारखीच. फरक चालीत आहे. चिमणी जमिनीवर दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. डोंबारी एकापुढे एक पाय टाकत तुरुतुरु चालतो, तेही पोट जमिनीला घासतंय असं वाटावं इतका बसका. शिवाय तो झाडावर बसत नाही. कधी तारेवर दिसेल, पण बाभळीच्या फांदीवर किंवा वळचणीला बसलेला पक्षी दिसला तर तो डोंबारी नव्हे.

डोक्यावर टोकदार शेंडी असलेला, अंगाने थोडा मोठा पक्षी दिसला तर तो शेंडीवाला चंडोल. तो वेगळा, पण नात्यातलाच.

थंडीत डोंबारी थव्याने फिरतात. एरवी जोडीने किंवा चार-सहा जणांच्या टोळीने. खाणं म्हणजे गवताचं आणि तणाचं जमिनीवर सांडलेलं बी, जोडीला किडे. ज्वारी-बाजरीच्या कणसावर बसून दाणे टिपणारा हा पक्षी नाही, तेव्हा गोफण घेऊन त्याच्या मागे लागायचं कारण नाही. पिल्लांना तर तो मुख्यतः किडेच भरवतो.

नाव जिंजीचं

आपल्या डोंबाऱ्याचं शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस. ग्रिसियस म्हणजे राखाडी. त्याला शास्त्रात नोंदवलं इटलीतल्या स्कोपोली यांनी, 1786 साली. स्कोपोली भारतात कधी आले नव्हते. सोनेरा नावाचा फ्रेंच प्रवासी दक्षिण भारतात फिरून गेला होता. त्याने जिंजी परिसरातल्या पक्ष्याचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्यावरून स्कोपोलींनी नाव दिलं. म्हणजे या पक्ष्याचं शास्त्रातलं मूळ गाव तामिळनाडूतलं जिंजी.

जिंजी म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1677 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे छत्रपती राजाराम महाराजांनी जिथून मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं तोंड दिलं तोच किल्ला. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच आहे. त्या किल्ल्याच्या आसपासचं खडकाळ, कोरडं रान डोंबाऱ्याला मानवणारंच. आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतल्या माळाशी त्याचं बरंच साम्य आहे.

हा पक्षी भारतीय उपखंडाचाच. पाकिस्तानात सिंधू नदीच्या खोऱ्यापासून बांगलादेशापर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत तो राहतो. उंच डोंगरावर जात नाही, साधारण हजार मीटरच्या खालीच. दाट जंगल, दाट झाडी त्याला चालत नाही. महाराष्ट्रात म्हणूनच घाटमाथ्याच्या झाडीत तो शोधून सापडणार नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीचा जत, साताऱ्याचा माण-खटाव, पुण्याचा बारामती-इंदापूर हा सगळा पट्टा त्याच्या मनासारखा.

भाऊबंद कुठे राहतात

सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे काळ्या डोक्याचा चिमणी-चंडोल. नराचं कपाळ पांढरं आणि डोक्याचा माथा काळा. भारतात तो कच्छ आणि राजस्थानच्या वाळूत दिसतो. पण त्याचा पसारा बघितला तर थक्क व्हायला होतं. सिंध, अरबस्तान, सोकोत्रा बेट, तिथून तांबडा समुद्र ओलांडून सहाराच्या दक्षिण कडेने थेट मॉरिटानियापर्यंत, आणि त्याही पुढे अटलांटिक महासागरातल्या केप व्हर्द बेटांवर. कच्छमध्ये आपला राखी डोक्याचा आणि हा काळ्या डोक्याचा, दोघेही आढळतात. ढोबळमानाने मोकळी वाळू त्याची आणि मातीचं रान आपल्या डोंबाऱ्याचं.

एवढ्या उन्हात अंडी कशी टिकतात हा प्रश्न कुणालाही पडेल. वाळवंटात अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणं हेच मोठं काम असतं. काळ्या डोक्याच्या जातीत नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात, आणि भर दुपारी ते बसणं ऊब देण्यासाठी नसून सावली धरण्यासाठी असतं. घरटंही शक्यतो एखाद्या गवताच्या ठोंबाच्या किंवा दगडाच्या सावलीच्या बाजूला.

आफ्रिकेत या गणगोताची मोठी वस्ती आहे. तांबूस पाठीचा चिमणी-चंडोल पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत, तसंच पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतही राहतो. त्याची पाठ विटकरी, गालावर पांढरा डाग. त्याला शेताची फारशी अडचण नाही. पडीक रानं, नुकतं जळून गेलेलं गवत, आखूड गवताची मैदानं, जिथे जमीन उघडी पडली तिथे तो हजर. आपल्या डोंबाऱ्याशी स्वभावाने बहुधा हाच जास्त जुळतो.

केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या काटेरी कोरड्या रानात तांबूस डोक्याची जात आहे. टांझानिया, केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या गवताळ मैदानांत फिशर यांच्या नावाची जात. फिशर हे त्या भागात फिरलेले जर्मन संशोधक. या दोन जाती पूर्व आफ्रिकेबाहेर फारशा कुठे नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतल्या दोन जातींची गोष्ट मेंढपाळांना ओळखीची वाटेल. राखी पाठीचा चिमणी-चंडोल आणि काळ्या कानाचा चिमणी-चंडोल हे दोघेही नामिबिया, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका या भागातले. तिथे पाऊस कुठे आणि कधी पडेल याचा भरवसा नाही. म्हणून हे पक्षी एका जागी राहतच नाहीत. जिकडे पाऊस झाला, जिकडे गवताला बी धरलं, तिकडे मोठमोठे थवे करून जातात, पिल्लं काढतात आणि चारा संपला की पुढे निघतात. काळ्या कानाचा तर महिना बघत नाही, पाऊस झाला की संसार मांडतो. त्याच्या नराच्या अंगावर पांढरा डाग जवळजवळ नाहीच, काळा आणि तांबूस एवढे दोनच रंग. कालाहारी आणि कारू या भागातल्या तांबड्या मातीवर तो शोभतो.

आठवी जात मादागास्करची, आणि ती या घरात उशिरा सापडलेली नातेवाईक आहे. त्या बेटावर चंडोलाची ही एकच जात आहे. दिसायला साधी, नर-मादी सारखे, अंगावर तपकिरी रेघा, काळ्या पोटाचा पत्ताच नाही. त्यामुळे अभ्यासकांनी तिला बरीच वर्षं चंडोलांच्या दुसऱ्याच गटात टाकलं होतं. रक्तातल्या डीएनएची तपासणी झाल्यावर, 2013 च्या सुमारास, ती याच घरातली असल्याचं स्पष्ट झालं.

नावावरून आणखी एक घोटाळा होतो तो सांगायला हवा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतही जमिनीवर वावरणाऱ्या ‘भुई चिमण्या’ आहेत. पण त्या ना आपल्या चिमणीच्या कुळातल्या, ना चंडोलाच्या. त्या झुडपांच्या तळाशी पालापाचोळा उकरत राहतात. डोंबाऱ्याशी त्यांचं काही नातं नाही.

या आठ जातींना बांधणारी गोष्ट म्हणजे जमीन. झाडी नाही, पाणी कमी, गवत आखूड, मधेमधे उघडी माती किंवा खडे. माणसाच्या डोळ्याला जे ‘काहीच नसलेलं’ रान दिसतं, तेच यांचं घर.

पायाखालचं घरटं

डोंबाऱ्याचं घरटं म्हणजे जमिनीतली एक उथळ वाटी. ढेकळाच्या आडोशाला नाहीतर गवताच्या बुडाशी. आत थोडं गवत, केस. आणि कडेने बारीक खड्यांची ओळ मांडलेली. माळावर आखीव खड्यांची छोटीशी कड दिसली तर पाय जपून टाकावा. अंडी दोन किंवा तीन, फिकट रंगावर तपकिरी ठिपके, मातीत मिसळून जाणारी.

विणीचा हंगाम लांब आहे. साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत कधीही घरटं सापडू शकतं. अंडी फुटायला सुमारे दोन आठवडे लागतात. पुढे पिल्लं फार दिवस घरट्यात थांबत नाहीत. नीट उडता येण्याआधीच ती बाहेर पडतात आणि ढेकळांच्या सावलीत दबा धरून बसतात. म्हणजे अंडं पडल्यापासून पिल्लू पायावर निघेपर्यंत साडेतीन आठवड्यांच्या आसपासचा हिशोब.

आणि नेमक्या याच महिन्यांत रानात माणसाची कामं असतात. फेब्रुवारी-मार्चला बांध आणि माळ पेटवले जातात. एप्रिल-मेला नांगरट. पूर्वी बैलाचा नांगर दिवसाला थोडंसं रान उलटायचा, पुढे चालणाऱ्या माणसाला घरट्यावरून उठलेला पक्षी दिसायचा. आता ट्रॅक्टरच्या सीटवरून आणि रोटाव्हेटरच्या आवाजात काही कळत नाही. नांगरट थांबवा असं कुणी म्हणणार नाही, पाऊस कुणासाठी थांबत नाही. पण चालताना पायाजवळून पक्षी भुर्रकन उठला आणि लांब न जाता जवळच घुटमळत राहिला, तर तिथे घरटं आहे असं समजावं. चार काठ्या रोवून तेवढा तुकडा, हात-दोन हात, सोडून पुढे जाता येतं. राहिलेला तुकडा महिन्याभराने कुळवात घेता येतो.

माळ पेटवण्याचं मात्र समर्थन अवघड आहे. चांगलं गवत उगवतं म्हणून काडी लावली जाते. त्यात अंडी, पिल्लं, सरडे, मातीतले किडे सगळं जातं, आणि वाऱ्याने आग शेजारच्या बागेत गेली तर भांडण वेगळंच.

मेंढ्यांच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. बऱ्याच जणांना वाटतं चराईने माळ संपतो. अति चराईने संपतो हे खरंच. पण बेताची चराई असलेल्या रानात गवत आखूड राहतं, उघडी जमीन शिल्लक राहते, आणि डोंबाऱ्याला तेच हवं असतं. धनगरांचे कळप आणि हे पक्षी एकाच माळावर पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. खरा उपद्रव मोकाट कुत्र्यांचा आणि गावच्या उकिरड्यावर वाढलेल्या कावळ्यांचा. जमिनीवरची अंडी आणि पिल्लं त्यांना सहज सापडतात.

‘पडीक’ शब्दाची किंमत

जगाच्या यादीत डोंबारी आज धोक्यात नाही. संख्या बरी आहे, पसारा मोठा आहे. म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही. पण 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या देशभरच्या अहवालात गवताळ आणि उघड्या रानातले पक्षी एकूणच घटत असल्याची नोंद आहे. माळढोकाचं काय झालं ते सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही दुर्मिळातली दुर्मिळ गोष्ट आहे. त्याच माळावर डोंबारी अजून कसरती करतो.

सरकारी कागदावर या रानाला ‘पडीक’ म्हणतात. केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आहे, त्यात झुडपी आणि गवताळ रानाचा मोठा भाग पडीकच्या खात्यात जातो. एकदा पडीक ठरलं की ते ‘सुधारायचं’ असतं. मग कधी त्यावर ग्लिरिसिडियासारखी झाडं लागतात. झाडं लावली म्हटल्यावर फोटो चांगले येतात, पण सावली पडलेल्या रानात डोंबारी, तित्तर, चिंकारा, काळवीट यांना जागा उरत नाही. जिथे मुळात जंगल होतं तिथे झाडं लावणं आणि माळावर झाडं लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सौर ऊर्जेचा प्रश्न आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी आणि गायरान जमिनी घेतल्या जातात. दिवसा वीज मिळाली तर रात्री बारा वाजता दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याची सुटका होते, हे नाकारून चालणार नाही. साप, विंचू, काळोखातला ओढा यातून माणूस वाचतो. तेव्हा प्रश्न वीज हवी की पक्षी असा मांडणं बरोबर नाही. प्रश्न कोणता तुकडा द्यायचा हा आहे. गावाच्या गायरानात मेंढ्या चरतात तो भाग, पाखरं पिल्लं काढतात तो भाग, आणि मुरूम उपसून आधीच खराब झालेला भाग हे सगळे सात-बारावर सारखेच दिसतात. फरक फक्त गावातल्या माणसांना माहीत असतो.

तो फरक कागदावर आणायची सोय कायद्यात आहे. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेली आहे. तिच्यात वडा-पिंपळाची, आंब्या-चिंचेची नावं असतात, माळावरच्या पक्ष्यांचा रकाना रिकामा. नोंद करायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. पक्षी कोणता, कोणत्या गटात किंवा कोणत्या ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे दिसला, कोणत्या महिन्यात, घरटं होतं का, एवढं पुरतं.

मोबाईलवर पाहायचं तर

आवाजावरून पक्षी ओळखणारं ‘मर्लिन’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. माळावर वारा असतो, त्यामुळे ते कधी कधी गोंधळतं. नर वर चढताना फोन त्याच्याकडे धरावा, शीळ तेव्हाच स्पष्ट येते. दिसलेल्या पक्ष्याची तारीख-ठिकाणासह नोंद ‘ई-बर्ड’ वर करता येते.

घरट्याचा फोटो काढायचा मोह आवरावा. माणूस घरट्याजवळ दहा मिनिटं उभा राहिला तरी आई-बाप तेवढा वेळ लांब राहतात, आणि मे महिन्याच्या दुपारी तेवढ्यात अंडी भाजून निघू शकतात. कावळाही बघत असतो. जागेचं लोकेशन ग्रुपवर टाकणं त्याहून वाईट. चंडोल कुळातले पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. त्यांना पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, अंडी काढणं हा गुन्हा आहे.

पाहायची चांगली वेळ सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. कसरती मात्र तो भर उन्हातही करतो. पायवाटेवर, गाडीवाटेच्या चाकोरीत, खळ्याच्या जागी तो धुळीत लोळताना, बी टिपताना दिसतो. गाडी अगदी जवळ आली तरी उठत नाही, जमिनीला चिकटून बसतो आणि शेवटच्या क्षणी उडतो. माळावरून मोटारसायकल नेताना वेग कमी ठेवलेला बरा.

फेब्रुवारी-मार्चपासून नरांचं वर चढणं वाढतं. ज्वारीची काढणी उरकलेल्या रानाच्या बांधावर थोडा वेळ बसून राहिलं तरी एखादा नजरेस पडेल.